हेगचे तपासनीस लोटे एमआयडीसीत का येऊ शकतात?

लोटे-परशुराम, महाड, रोह्याजवळचं धाटाव, पाताळगंगा, तळोजा, तारापूर. कोकणपट्टीतल्या या औद्योगिक वसाहतींत औषधांचा कच्चा माल बनतो, रंगांसाठी लागणारी मधली रसायनं बनतात, कीटकनाशकं बनतात. यांपैकी एखादा कारखाना वर्षभरात ठरावीक टनांहून जास्त सेंद्रिय रसायन तयार करत असेल, तर नेदरलँड्समधल्या हेग शहरातून आलेलं आंतरराष्ट्रीय पथक त्याची तपासणी करू शकतं. सूचना मिळते १२० तास आधी. पथक येतं ते कारखान्यावर संशय आहे म्हणून नव्हे. ज्यांनी आपली माहिती कळवलेली असते अशा जगभरच्या कारखान्यांतून ही निवड बरीचशी यादृच्छिक पद्धतीने होते. आपल्या भागात इतके कारखाने असताना ही यंत्रणा कशी चालते ते माहीत असायला हवं, म्हणून हा लेख.

विषारी वायूचा युद्धातला पहिला मोठा वापर २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ झाला. जर्मन सैन्याने हजारो सिलिंडरांतून क्लोरीन वाऱ्यावर सोडला. पुढे १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने अशा वापरावर बंदी आली, पण ती फक्त वापरावर. बनवायला, साठवायला मनाई नव्हती, आणि 'समोरच्याने वापरलं तर आम्हीही वापरू' अशी अट घालूनच अनेक देशांनी सही केली होती. त्यामुळे साठे वाढतच गेले. १६ मार्च १९८८ ला इराकी हवाई दलाने हलब्जा या कुर्द गावावर रासायनिक बॉम्ब टाकले आणि हजारो सामान्य माणसं मेली, तेव्हा प्रोटोकॉल ६० वर्षांहून जुना होता. वापरावरची बंदी पुरत नाही, साठा आणि कारखानेसुद्धा तपासावे लागतात, हा धडा त्यातून पक्का झाला.

म्हणून १९९३ मध्ये पॅरिसला रासायनिक शस्त्रबंदी करार सह्यांसाठी खुला झाला आणि २९ एप्रिल १९९७ पासून लागू झाला. आज १९३ देश त्याचे सदस्य आहेत. भारताने पहिल्याच दिवसांत सही केली आणि १९९६ मध्ये करार कायम केला. अंमलबजावणी पाहणारी संघटना हेगला आहे. तिला ओपीसीडब्ल्यू म्हणतात. २०१३ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं.

या कराराचा कणा एका व्याख्येत आहे. कुठलंही विषारी रसायन हे शस्त्रच मानायचं, जोपर्यंत ते उद्योग, शेती, औषध, संशोधन अशा मान्य कामासाठी आणि त्या कामाला साजेशा प्रमाणात ठेवलेलं नाही. म्हणजे रसायनाच्या नावापेक्षा ते कशासाठी आहे याला महत्त्व. क्लोरीन कराराच्या कुठल्याही यादीत नाही. आपल्या नळपाणी योजनांत तो रोज वापरला जातो. पण सीरियात क्लोरीनचे सिलिंडर वस्तीवर टाकले गेले, तेव्हा ते कराराचं उल्लंघनच ठरलं. उद्या कुणी अगदी नवीन विष शोधून काढलं तरी ते पहिल्या दिवसापासून बंदच असतं. अश्रुधुराचंही असंच आहे. पोलिसांनी दंगल आवरायला तो वापरणं चालतं, सैन्याने युद्धात वापरणं चालत नाही.

मग याद्या कशाला? तपासणी कुठे करायची ते ठरवायला. पहिल्या यादीत सरिन आणि व्हीएक्स (मज्जासंस्थेवर हल्ला करणारी विषं), मस्टर्ड (कातडी भाजणारं विष) यांसारखी, शस्त्राखेरीज जवळजवळ काही उपयोग नसलेली रसायनं आहेत. संरक्षण-संशोधन, वैद्यकीय अशा कामांसाठी एका देशाकडे ती सगळी मिळून फार तर १ टन असू शकतात. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत विषप्रयोग झाल्यावर नोव्हिचोक गटातली रसायनंही या यादीत घातली गेली. हा बदल जून २०२० पासून लागू आहे, आणि याद्यांत झालेला तो पहिलाच बदल.

दुसऱ्या यादीत थायोडायग्लायकॉलसारखी रसायनं येतात. बॉलपेनच्या शाईत आणि कापड रंगवण्यात ते वापरतात, पण मस्टर्डपासून ते एकाच पायरीवर असतं. तिसऱ्या यादीत फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, थायोनिल क्लोराइड, फॉस्जीन, ट्रायइथॅनॉलअमाइन ही मोठ्या प्रमाणावर खपणारी मंडळी. औषध, कीटकनाशक किंवा रंगाच्या कारखान्यात काम केलेल्याला यातली दोन-तीन नावं ड्रमवर वाचल्याचं नक्की आठवेल. चौथा गट यादीबाहेरचा आहे, 'इतर सेंद्रिय रसायनं', आणि आपल्याकडचे बहुतेक कारखाने याच गटात बसतात.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. दुसऱ्या यादीतल्या बहुतेक रसायनांसाठी वर्षाला १ टनाच्या वर घोषणा, म्हणजे माहिती कळवणं, आणि १० टनांच्या वर तपासणी. त्याच यादीतल्या मोजक्या अतिविषारी रसायनांना मात्र मर्यादा किलोंत आहे. तिसऱ्या यादीसाठी ३० टनांच्या वर घोषणा, २०० टनांच्या वर तपासणी. चौथ्या गटात साऱ्या कारखान्याचं उत्पादन मिळून २०० टनांच्या वर गेलं तर घोषणा करायची. रसायनात फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरीन असेल तर एका प्लांटमध्ये एका रसायनाचे ३० टन झाले तरी घोषणा लागते, कारण मज्जासंस्थेवर हल्ला करणारी आणि कातडी भाजणारी बहुतेक विषं याच मूलद्रव्यांभोवती बांधलेली असतात. केवळ हायड्रोकार्बन किंवा केवळ स्फोटकं बनवणारे कारखाने या चौथ्या गटातून वगळलेले आहेत.

तपासनीसांना सर्वात जास्त रस असतो तो बहुउद्देशी बॅच प्लांटमध्ये. एकच काच-अस्तराचा रिअ‍ॅक्टर, या महिन्यात औषधाचं इंटरमीडिएट, पुढच्या महिन्यात कीटकनाशकाचं. गंज न धरणारी भांडी, विषारी वायू धुऊन काढणारा चांगला स्क्रबर, विषारी वायू हाताळायला शिकलेले ऑपरेटर, सगळं एका छताखाली. शेकडो टन एकच पदार्थ अखंड काढणाऱ्या प्रचंड कारखान्यापेक्षा असा लवचीक प्लांट दुसऱ्या कामाकडे वळवणं सोपं असतं. कोकणातल्या वसाहतींत अशा प्लांटची संख्या मोठी आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. याच लवचीकपणावर इथला धंदा उभा आहे. फक्त त्याबरोबर हिशेब ठेवण्याची जबाबदारी येते.

पथक येतं तेव्हा काय होतं? विमानतळापासून भारताच्या राष्ट्रीय प्राधिकरणाचे अधिकारी सोबत असतात. हे प्राधिकरण मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत आहे, आणि त्यामागचा कायदा म्हणजे २००० सालचा रासायनिक शस्त्रबंदी करार कायदा. कारखान्यात आल्यावर आधी माहितीची बैठक होते, जास्तीत जास्त तीन तासांची. प्लांटचा नकाशा, काय बनतं, कुठे बनतं, सुरक्षेचे नियम, धोक्याचा भोंगा वाजला तर कुठे जमायचं, हे तिथे सांगायचं. मग प्लांटमध्ये फेरी. कच्च्या मालाचं गोदाम, रिअ‍ॅक्टर, डिस्टिलेशन, पॅकिंग, सांडपाणी शुद्ध करणारी ईटीपी, मालाचा दर्जा तपासणारी क्यूसी लॅब. त्यानंतर कागद. खरेदीची बिलं, बॅच शीट, स्टोअरचं रजिस्टर, माल बाहेर गेल्याची चलनं. तिसऱ्या यादीसाठी आणि चौथ्या गटासाठी ही तपासणी २४ तासांपेक्षा जास्त चालवायची नसते, वाढवायची तर दोघांच्या संमतीने. दुसऱ्या यादीच्या कारखान्यात ती ९६ तासांपर्यंत जाते, आणि तिथे पूर्वसूचना ४८ तासांचीच असते. शेवटी प्राथमिक निष्कर्षांचा कागद दोन्ही बाजूंच्या सहीने तयार होतो.

त्यांना दोन गोष्टी पाहायच्या असतात. घोषणेत लिहिलं ते प्रत्यक्षाशी जुळतं का, आणि पहिल्या यादीतलं काही इथे नाही ना. दुसऱ्या यादीच्या ठिकाणी टनांचा ताळाही बघतात. आलेला माल, वापरलेला, उरलेला, विकलेला, वाया गेलेला, असं सगळं मिळून बेरीज बसली पाहिजे.

धंद्याची गुपितं फुटतील ही भीती मालकांना असते आणि ती रास्त आहे. म्हणून करारातच सोयी आहेत. फोटो हवा असेल तर तपासनीस तो यजमानांकडून काढून घेतात. नमुना कारखान्याचा माणूस पथकासमोर काढून देतो. पथकाकडे नमुन्यातले घटक वेगळे करून ओळखणारं, वायुवर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपट यांचं यंत्र असतं. त्याचं सॉफ्टवेअर 'झाकलेल्या' पद्धतीने लावता येतं. म्हणजे नमुन्यातल्या घटकांची तुलना ते फक्त संघटनेच्या स्वतःच्या यादीशी करतं आणि त्यातलं काही सापडलं तरच दाखवतं. तुमच्या उत्पादनात बाकी काय आहे हे पडद्यावर येतच नाही.

अडचणी कुठे येतात? हेतू वाईट असलेले कारखाने फारच थोडे. गोंधळ कागदाचा असतो. आपले हिशेब एप्रिल ते मार्च चालतात, कराराचं वर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर. हिशेब खात्याने आर्थिक वर्षाचा आकडा उचलून दिला की घोषणा चुकलीच. देशाची वार्षिक घोषणा वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत हेगला जायची असते, म्हणून कारखान्याने डिसेंबर अखेरचा साठा वेगळा मोजून ठेवणं हाच उपाय. दुसरी चूक मधल्या रसायनाची. पहिल्या टप्प्यात बनून दुसऱ्या टप्प्यात संपून जाणारं यादीतलं रसायन 'आम्ही विकत नाही' म्हणून सोडून दिलं जातं. ते वेगळं काढता येण्याइतका वेळ टिकत असेल तर मोजायचंच.

तिसरी अडचण नावांची. एकाच पदार्थाला चार व्यापारी नावं असतात, म्हणून बिलावर आणि घोषणेत कॅस क्रमांक लिहावा. तो प्रत्येक रसायनाला दिलेला ओळख क्रमांक जगभर एकच असतो. आणि मिश्रणं: तिसऱ्या यादीतलं रसायन मिश्रणात ३० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर घोषणेची गरज नाही, पण ही टक्केवारी क्यूसीच्या कागदावर असली पाहिजे, तोंडी नाही.

न्हावा-शेवा बंदरातून जाणाऱ्या मालाबाबत आणखी एक फरक पडतो. डिसेंबरच्या शेवटी निघालेला कंटेनर पलीकडे जानेवारीत उतरतो. आपण या वर्षात लिहिलं, त्यांनी पुढच्या, आणि हेगला दोन देशांचे आकडे जुळत नाहीत. मग खुलाशांची पत्रं सुरू होतात. करारातून बाहेर असलेल्या देशांना दुसऱ्या यादीतला माल पाठवायला सर्वसाधारणपणे बंदीच आहे. तिसऱ्या यादीतला पाठवायचा तर तो कुठे वापरणार याचं तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र लागतं. इजिप्त, उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदान यांनी सहीच केलेली नाही. इस्रायलने सही केली, पण करार कायम केला नाही. निर्यातीचा परवाना आपल्याकडे विदेश व्यापार महासंचालनालय देतं, स्कोमेट या नियंत्रित वस्तूंच्या यादीनुसार.

करारात आणखी कडक हत्यार आहे. एखाद्या देशावर संशय असेल तर दुसरा कुठलाही सदस्य देश त्याची तातडीची तपासणी मागू शकतो, आणि तपासायच्या देशाला पथक येण्याच्या १२ तास आधीच कळतं. १९९७ पासून आजवर एकदाही कुणी ही मागणी केलेली नाही. आमच्या मते ही दुबळी बाजू आहे. जे हत्यार कधीच बाहेर निघत नाही त्याचा धाक हळूहळू कमी होतो.

साठे नष्ट करण्याचं काम मात्र झालं. देशांनी जाहीर केलेला ७२,३०४ टन साठा जुलै २०२३ मध्ये संपला. शेवटचा भाग अमेरिकेत केंटकी राज्यातल्या ब्लू ग्रास इथे नष्ट झाला. रशियाने आपला सुमारे ४०,००० टनांचा साठा २०१७ मध्ये संपवला. भारतानेही १,०४४ टन मस्टर्ड जाहीर केलं होतं आणि २००९ मध्ये ते नष्ट करून दाखवलं. मूळ मुदत १० वर्षांची, वाढवलेली २०१२ पर्यंतची. मोठे देश त्याहीपुढे गेले. कारण हे तोफगोळे आणि रॉकेटं कुणी पुन्हा उघडेल असं धरून बनवलीच नव्हती. स्फोटक, इंधन आणि विष एकाच कवचात. वर्षानुवर्षं पडून मस्टर्ड आत घट्ट होतं, बाहेर ओतताच येत नाही. काही ठिकाणी विष भट्टीत जाळलं, काही ठिकाणी गरम पाणी किंवा कॉस्टिक सोड्याने निकामी केलं. भट्टीच्या धुराला आसपासच्या लोकांनी विरोध केला, कोर्टात गेले, आणि त्यातून पद्धती सुधारल्या.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी यातला समुद्राचा भाग नीट वाचावा. दुसऱ्या महायुद्धानंतर सुमारे ४०,००० टन रासायनिक दारूगोळा बाल्टिक समुद्रात बुडवला गेला. घट्ट झालेल्या मस्टर्डचे गोळे बॉर्नहोम बेटाजवळच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येत राहिले आणि त्यांचे हात-चेहरे भाजले. इटलीतल्या बारी बंदरात २ डिसेंबर १९४३ ला बॉम्बहल्ल्यात 'जॉन हार्वी' हे जहाज उडालं. त्यात २,००० मस्टर्ड बॉम्ब होते आणि ही गोष्ट गुप्त ठेवलेली होती. तेलात भिजलेले खलाशी वर काढून तशाच ओल्या कपड्यांवर घोंगड्या गुंडाळून ठेवले गेले, कारण कपड्यांत मस्टर्ड आहे हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. ६०० हून अधिक माणसं बाधली, ८० हून अधिक गेली. कपडे काढून भरपूर पाण्याने धुतलं असतं तर त्यातली कित्येक वाचती.

आजच्या करारात शस्त्रं पाण्यात बुडवणं, जमिनीत पुरणं, उघड्यावर जाळणं याला सक्त मनाई आहे. पण १९८५ पूर्वी समुद्रात टाकलेलं जाहीर करण्याची सक्ती नाही, आणि ही पळवाट आम्हाला सलते. याच्या उलट उदाहरण २०१४ चं. सीरियाने दिलेली सुमारे ६०० टन सर्वांत घातक रसायनं भूमध्य समुद्रात 'केप रे' या जहाजावर निकामी केली, आणि उरलेलं सांडपाणी समुद्रात न सोडता जर्मनी आणि फिनलंडला पोचवलं.

आता जैविक शस्त्रं. त्यांच्यावरचा करार रासायनिकपेक्षा जुना, १९७२ चा, १९७५ पासून लागू. साथ पसरवणारे जंतू आणि विषं शस्त्र म्हणून बनवायची नाहीत, साठवायची नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. नाही ते एवढंच: तपासणी. हेगसारखी संघटना नाही, कारखान्याच्या फाटकावर येणारं पथक नाही. जिनिव्हात एक अगदी छोटं सहायक कार्यालय आहे. देशांनी दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत आपल्या प्रयोगशाळांची माहिती कळवावी अशी अपेक्षा असते, पण अनेक देश ती पाठवत नाहीत.

याची किंमत लगेच दिसली. सोव्हिएत संघाने करारावर सही केली आणि गुपचूप जगातला सर्वांत मोठा जैविक कार्यक्रम चालवला. एप्रिल १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत सुटले आणि किमान ६० माणसं मेली. सरकारने दोष खराब मांसावर ढकलला. खरं काय ते १९९२ मध्ये बाहेर आलं. तपासणीचा मसुदा पुढे १९९५ पासून तयार होत होता, तो २००१ मध्ये अमेरिकेने नाकारला. २०२२ च्या आढावा परिषदेने पुन्हा कार्यगट नेमला, पण तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, एक देशही अडवू शकतो.

विरोधाला तांत्रिक कारणही आहे. रसायनाचे टन मोजता येतात, जंतूंचे येत नाहीत. चमचाभर विरजणाने रात्रीत भांडंभर दही लागतं, तसं एका कुपीतून काही दिवसांत हवं तेवढं वाढवता येतं, आणि तपासनीस यायच्या आत उकळून संपवताही येतं. लस बनवणारा किण्वक (जंतू वाढवायचं भांडं) आणि शस्त्र बनवणारा किण्वक दिसायला सारखाच. हे सगळं खरं असलं तरी तपासणीच नको हा निष्कर्ष आम्हाला पटत नाही. नोंदी, माणसांचं प्रशिक्षण, हवा गाळण्याची व्यवस्था, जमिनीतले आणि भिंतींवरचे नमुने, यांतून बरंच कळतं. अँथ्रॅक्सचे बीजाणू तर मातीत दशकानुदशकं राहतात. स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये चाचण्या झाल्या आणि १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात मिसळलेलं २८० टन फॉर्माल्डिहाइड जमिनीवर शिंपडावं लागलं, तेव्हा १९९० मध्ये ते सुरक्षित जाहीर झालं.

तपासणी नाही तोवर भिस्त आहे ती साथ लवकर ओळखण्यावर, आणि त्यासाठी नैसर्गिक साथ आणि घडवलेली साथ यांत सुरुवातीचं काम एकच असतं. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१६ पासून माकडताप दिसतो. काजूच्या बागेत, रानात पालापाचोळा गोळा करताना गोचीड चावते आणि ताप येतो. डिसेंबर ते मे हा जोराचा काळ. रानात माकडं मरायला लागणं ही पहिली खूण असते. मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही, वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवायचं. संशयित रुग्णाच्या रक्ताचा नमुना थंड ठेवून, कुणी, कुठे, केव्हा काढला याच्या नोंदीसह पुढे जायला हवा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत असे घातक विषाणू हाताळायची सोय आहे. नोंद तुटली तर निदान कदाचित होईल, पण विषाणू आला कुठून याचं उत्तर मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना संशयित जैविक हल्ल्याची चौकशी करायचा अधिकार आहे, आणि त्या चौकशीतही पहिला प्रश्न नमुन्याच्या याच नोंदीचा असतो.